भट्टीमागची तळी

आमच्या गावातल्या वीट कारखान्यामागची तळी ही खरं तर तळी नव्हतीच. ते खड्डे होते, आणि ते बाबांनी आणि त्यांच्यासारख्या कित्येकांनी खणले होते. विटांसाठी माती काढायची, तळाशी झरा लागला की पंप लावून पाणी उपसायचं आणि पुन्हा खाली उतरायचं, हे आजोबांच्या काळापासून चालत आलं होतं. बाबांनी कुदळ हातात घेऊन सुरुवात केली आणि पुढे ते भट्टीचे मिस्त्री झाले. भट्टीतली आग त्यांच्या ताब्यात असायची. गावात त्यांना नावाने कुणी ओळखत नसे, सगळे ‘भट्टीमिस्त्री’च म्हणत.

मी शाळेत असताना कारखाना बंद पडला. सिमेंटचे ठोकळे स्वस्त पडायला लागले होते, त्यात मालकाच्या मुलांची आपसांत जुंपली, आणि एका सकाळी कामगार गेले तर फाटकाला कुलूप. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. बाबा सवयीने पहाटे उठायचे, बूट घालायचे आणि मग खुर्चीत बसून राहायचे.

पण कारखान्याबरोबर पंपही बंद झाले, आणि खड्ड्यांत पाणी चढायला लागलं. माझ्या आणि दादाच्या दृष्टीने जगात याहून मोठी बातमी नव्हती. आधी तळाशी चकाकणारा एक पट्टा, मग डबकं, मग बघता बघता तीन मोठी तळी. सगळ्यांत जवळच्या तळ्याला मातीच्या टोपल्या वर आणायला कापलेल्या पायऱ्या होत्या, त्या थेट पाण्यात उतरायच्या. तिथेच दादाने मला पोहायला शिकवलं. ट्रकच्या चाकाची ट्यूब माझ्या कमरेला अडकवून तो म्हणायचा, “बुडालीस तर आईला काय सांगायचं ते आताच सांगून ठेव, नंतर आठवत नाही.” मी घाबरून एवढे हातपाय मारायची की शेवटी पोहायलाच लागले.

मागच्या दोन तळ्यांभोवती पुरुषभर उंच गवत माजलं. कुणी लावलं नव्हतं, आपलं आपणच आलं. मग बेडूक आले, मग बदकं, मग लांब पायांचे पक्षी. त्यांच्यामागोमाग आमच्या विज्ञानाच्या बाई दुर्बीण घेऊन यायला लागल्या. आम्ही त्यांचं नाव ‘पाखरंबाई’ ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि, मला वाटतं, आवडतही होतं.

बाबा मात्र तिकडे कधी फिरकले नाहीत. वरच्या खोलीच्या खिडकीतून तळी आणि त्यांच्या पुढची भट्टीची उंच चिमणी एकदम दिसायची. ते खिडकीत उभे राहिले तरी चिमणीकडे बघायचे, पाण्याकडे नाही. एकदा मी म्हटलं, “बाबा, किती निळं दिसतंय बघा ना!” ते म्हणाले, “सगळ्यांच्या कष्टांवर पाणी फिरलं म्हणतात ना, ते हेच पाणी.”

पुढे दादा कामासाठी मोठ्या शहरात गेला. आमच्या गल्लीतली निम्मी मुलं गेली, तसाच तोही. मी नगररचना शिकले, दोन-तीन ठिकाणी नोकरी केली, आणि फिरून फिरून आमच्याच नगरपालिकेच्या नगररचना विभागात येऊन पडले. कुठल्या जमिनीवर काय व्हावं हे ठरवायचं आणि ते नकाशात रंगवायचं, हे आमचं काम. राहण्याच्या जागा पिवळ्या, कारखाने जांभळे, मोकळ्या जागा हिरव्या. आई सगळ्यांना सांगायची, “पोरीला एवढं शिकवलं, अन् ती अजून रंगकामच करतेय.”

मी रुजू झाले तेव्हा गावाचा नवा आराखडा तयार होत होता. जुना नकाशा कारखाना सुरू असतानाचा. त्यात भट्टी आणि तिच्यामागची सगळी जमीन जांभळी होती. पाण्याचा थेंबही नव्हता. माझं बालपण ज्या पाण्यात गेलं ते सरकारदरबारी अस्तित्वातच नव्हतं.

त्याच वर्षी एक कंपनी आली. औषधं बाटल्यांत भरून, पॅक करून पाठवण्याचा मोठा कारखाना तिला काढायचा होता. कंपनीतर्फे एक बाई यायच्या, वेळेवर यायच्या आणि नेहमी हसतमुख. त्यांचा प्रस्ताव साधा होता. तिन्ही खड्ड्यांत भराव टाकायचा आणि त्या सपाट जमिनीवर एकमजली कारखाना बांधायचा. भट्टीला हात लावायचा नाही, कारण तिच्या भिंती आणि चिमणी पाडणं खर्चाचं काम. शिवाय चिमणी ही गावाची खूण होती. लांबून येणाऱ्याला आधी तीच दिसायची.

आमचे मुख्य नगररचनाकार, ज्यांना आम्ही साहेब म्हणायचो, ते निवृत्तीला आलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. मी त्यांच्यासमोर तळ्यांबद्दल बरंच काही बोलले. त्यांनी ते ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “बाई, नकाशात भावनेचा झोन नसतो. कारण आणा.”

मी कारण आणलं. खालच्या वस्तीत पूर्वी दर पावसाळ्यात घरांत पाणी शिरायचं. पंप बंद होऊन खड्ड्यांत पाणी साठायला लागल्यापासून ते थांबलं होतं, कारण वरचं सगळं पाणी बाहेर उपसलं न जाता आता तळ्यांत उतरून मुरत होतं. तळी बुजवली तर ते पाणी पुन्हा लोकांच्या स्वयंपाकघरात जाणार. साहेबांनी मान हलवली. “हे ठीक. पण कारखानाही हवाय. शाळेत दरवर्षी एक वर्ग कमी होतोय. ते पाणीही कुठेतरी मुरतंयच ना?”

मग नगरपालिकेच्या सभागृहात जाहीर सुनावणी झाली. खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. पाखरंबाई बोलल्या. आता त्या काठी टेकत चालायच्या, पण आवाज तोच, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. मागच्या दोन तळ्यांत कुठले पक्षी घरटी करतात, कुठले लांबच्या प्रवासात विसाव्याला उतरतात, ते त्यांनी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग मागून आवाज आला, “मला बोलायचंय.” मी कागदांतून वर पाहिलं. बाबा उभे होते. ते येणार आहेत हे मला घरी कुणी सांगितलं नव्हतं.

“बाई म्हणाल्या तळं,” ते म्हणाले. “तळं नाही, तो खड्डा आहे. आम्ही खणलाय. खणताना आमच्या पाठी मोडल्या. त्या मातीतून निम्मं गाव उभं राहिलं, ही इमारतसुद्धा. तेव्हा कुणाला नोकरीसाठी घर सोडून जावं लागलं नाही. समोर माझी मुलगी बसलीय. तिला मी इथेच विचारतो, घरी ती मला बोलू देत नाही. माझा मुलगा दुसऱ्याच्या गावात का राहतो? नातवाला मी वर्षातून एकदा का बघतो? पाखरं लांबून येतात म्हणे. आमची गेलेली पाखरं कधी येणार?”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटलं, माझा चेहरा लाल झालाय. पाखरंबाई हळूच उठल्या आणि म्हणाल्या, “मिस्त्री, तुमची बरीचशी पाखरं मीच शिकवून पाठवलीत. मलाही ती परत हवीत.” आणि खाली बसल्या.

घरी जाताना आम्ही दोघं बरोबरच चालत होतो. कोपऱ्यावर वळताना बाबा म्हणाले, “तुला चारचौघांत खाली बघायला लावलं का मी?”

“नाही बाबा. तुम्ही हरकत नोंदवलीत. नियमाप्रमाणे तिचं उत्तर द्यावं लागतं.”

“मग दे की.”

त्या उत्तरासाठी मी कितीतरी दिवस नकाशावर वाकून होते. कारखाना इकडे सरकवून बघायचे, तिकडे सरकवून बघायचे. शेवटी एक गोष्ट लक्षात आली. मी सतत पाण्याकडेच बघत होते, आणि बाबांसारखंच, पण उलट्या बाजूने, अर्ध्या जमिनीकडे पाठ करून बसले होते. भट्टी, तिच्याभोवतीचं विटा वाळवायचं आवार आणि जुनं गोदाम, हे सगळं मिळून केवढी मोठी जागा होती! ती आधीच माणसाने वापरून झिजवलेली. कंपनी दोन मजले बांधायला तयार झाली, तर मागची दोन तळी शाबूत राहत होती. फक्त एक तळं बुजवावं लागणार होतं. आणि भट्टी पाडावी लागणार होती. चिमणीसकट.

कुठलं तळं जाईल हे नकाशावर स्पष्टच होतं, तरी मी पाखरंबाईंकडे विचारायला गेले. मनात कुठेतरी आशा असावी. त्यांनी जराही वेळ घेतला नाही. “पायऱ्यांचं द्या. त्यात कधी कुणी घरटं केलं नाही. तुम्हा मुलांचा एवढा धिंगाणा असायचा की पक्षी तिकडे फिरकायचेच नाहीत.” मग माझ्याकडे बघून त्या थांबल्या. “तुझं ते आवडतं होतं, नाही का?”

“हो, बाई.”

“चहा घेतेस?”

साहेबांनी नकाशा बराच वेळ पाहिला. कंपनीच्या बाईंचं हसू त्या दिवशी जरा आखडलं. भट्टी पाडायला खर्च येईल, दोन मजल्यांना खर्च येईल, असं त्या म्हणत राहिल्या. साहेब म्हणाले, “भराव टाकायचा खर्च निम्म्याहून जास्त वाचतोय, तोही धरा.” बरीच घासाघीस झाली. शेवटी नगरपालिकेने पलीकडून ट्रकसाठी रस्ता करून द्यायचं कबूल केलं आणि कंपनी तयार झाली. सगळे गेल्यावर साहेबांनी मला विचारलं, “घरी सांगितलंत?”

मी नकारार्थी मान हलवली.

“मग आज घरी लवकर जा.”

जेवताना सांगितलं. कारखाना येतोय म्हटल्यावर बाबांचा हात ताटावरच थांबला, चेहरा उजळला. तो कुठे येतोय हे सांगितल्यावर ते माझ्याकडे बघतच राहिले.

“चिमणी पाडणार?”

“हो.”

“पाखरांसाठी?”

“पाखरांसाठी, आणि खालच्या वस्तीसाठी.”

आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती म्हणाली, “पाखरं वाचवायला चिमणी मारायची! तुमच्या ऑफिसात हे कुणाच्याच लक्षात आलं नाही का गं?” आणि स्वतःच हसली. मीही हसले. बाबा हसले नाहीत. हात धुऊन ते वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरात नव्हते. आई म्हणाली, “बूट घालून गेलेत.” मी समजले.

भट्टी म्हणजे एक लांबलचक वाटोळं भुयार होतं, कोंबडीच्या खुराड्यासारख्या बसक्या दारांचं. आत गारवा होता. भिंती आगीने काळ्या आणि काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या. बाबा एका दाराशी उभे होते, तळहात भिंतीवर टेकवून, जणू कुणाचा ताप बघतायत.

“ये,” ते म्हणाले. “तू लहानपणी कधी आत आली नाहीस. येऊ देत नव्हतो.”

त्यांनी मला आगीबद्दल सांगितलं. घरात यापूर्वी कधी सांगितलं नव्हतं. ही आग एका जागी राहत नसे. एका खणातल्या विटा भाजून झाल्या की ती पुढच्या खणात न्यायची, मग त्याच्या पुढच्या. मागे विटा निवत असायच्या, त्याच्याही मागे माणसं त्या बाहेर काढत असायची, आणि पुढे कच्च्या विटा रचून आगीची वाट बघत असायच्या. अशी ती भुयारात गोल गोल फिरायची, वर्षानुवर्षं, कधी न विझता.

“कारखाना बंद झाला तेव्हा ती या दारापाशी होती,” ते म्हणाले. “पुढच्या खणात विटाच रचल्या नव्हत्या. मी इथे उभा राहून तिला विझताना बघितलं. चांगले दोन-तीन दिवस लागले तिला.”

मी म्हटलं, “बाबा, पायऱ्यांचं तळंही जाणार आहे. दादाचं आणि माझं.”

“ते तू सांगितलं नाहीस काल.”

“सांगवलं नाही.”

त्यांनी भिंतीवरचा हात काढला आणि माझ्या डोक्यावर ठेवला, सगळी काजळी माझ्या केसांना लागली. “पाडा,” ते म्हणाले. “पण पाडाल तेव्हा मला सांगा. चोरासारखं पाडू नका.”

चिमणी पाडायच्या वेळी दादा सुट्टी काढून आला. वहिनी आणि मुलगा आले नाहीत, शाळेची परीक्षा होती. आदल्या दुपारी आम्ही दोघं तळ्यावर गेलो. पंप आणून ठेवले होते, अजून सुरू केले नव्हते. पायऱ्यांवर बसून आम्ही पाय पाण्यात सोडले. पाणी पूर्वीसारखंच थंडगार होतं, पोटऱ्यांना झिणझिण्या आणणारं.

“मी परत येणार नाहीये,” दादा एकदम म्हणाला. “बाबा त्या आशेवर आहेत. तुझ्याही मनात तेच असेल तर आत्ताच सांगतो. हिची नोकरी तिकडे आहे, पोराचे मित्र तिकडे आहेत. इथे मी आता पाहुणाच.”

“मग कारखाना कुणासाठी?”

“ज्यांना अजून जायची वेळ आली नाही त्यांच्यासाठी,” तो म्हणाला. “सगळं काय आपल्यासाठीच असतं का गं?”

मग त्याने घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, आणि शर्ट-पँटसकट पाण्यात उडी मारली. पन्नाशीकडे झुकलेला, पोट सुटलेला माणूस. वर आला तेव्हा धापा टाकत ओरडला, “आईला काय सांगायचं ते ठरव!” मी चपला काढल्या आणि त्याच्यामागोमाग गेले. काठावर पंपवाला चहा पीत उभा होता. तो बघतच राहिला. नगरपालिकेतल्या मॅडम आणि कुणी एक गृहस्थ, कपड्यांनिशी, सरकारी खड्ड्यात.

घरी गेल्यावर आई भडकली. आम्ही न्हाणीघराबाहेर टॉवेल गुंडाळून उभे होतो, आणि ती जे जे बोलली ते सगळं मला इतकं गोड वाटलं की विचारू नका. कपडे बदलून दादा वर बाबांच्या खोलीत गेला. दार बंद होतं. बऱ्याच वेळाने बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. बाबा मागून आले आणि आईला एवढंच म्हणाले, “याच्या आवडीचं काहीतरी कर.”

चिमणी पाडायला अख्खं गाव लोटलं होतं. दोर लावून माणसांना लांब उभं केलं होतं. बाबांना मुकादमाने पुढे खुर्ची दिली, ते बसले नाहीत. शिट्टी झाली, बुडाशी धडाका झाला, आणि चिमणी क्षणभर तशीच उभी राहिली, तिला काही कळलंच नाही अशी. मग कमरेत वाकली आणि आवारात आडवी झाली. तांबडी धूळ ढगासारखी आमच्या अंगावर आली. सगळे खोकत, शिंकत, एकमेकांना ओळखू न येणारे. कुणीतरी हसायला लागलं आणि ते हसू पसरत गेलं.

आम्ही तसेच घरी आलो. आईने दार उघडलं, बाबांना डोक्यापासून पायापर्यंत तांबडं बघितलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “बाहेरच झटका, आत आणू नका!” भट्टी चालू असताना ती रोज संध्याकाळी हेच ओरडायची. कितीतरी वर्षांत तिला तसं ओरडायची वेळ आली नव्हती. ती दारातच थबकली. बाबा बाहेर उभे राहून शर्ट झटकत राहिले, धूळ गेली तरी झटकत राहिले. मग आई पायरी उतरून खाली गेली आणि पदराने त्यांची पाठ झटकू लागली.

कारखाना उभा राहिला. पांढरा, दोन मजली, मला स्वतःला फारसा न आवडलेला. मागची दोन तळी नव्या नकाशात निळ्या रंगात आली आणि त्यांच्याभोवती हिरवा पट्टा. त्यानंतरच्या पावसात खालच्या वस्तीत पाणी शिरलं नाही. पक्षी पहिल्या वर्षी कमी आले, पुढच्या वर्षी जरा वाढले, पूर्वीएवढे अजून नाहीत. पाखरंबाई म्हणायच्या, “ट्रकच्या आवाजाची सवय व्हायला वेळ लागतो, मलाही लागला.” कंपनीला आता आणखी जागा हवी आहे. तो वाद सध्या माझ्या टेबलावर आहे, कारण साहेब निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. ती फार करकरते.

बाबांना कारखाना आतून बघायला कंपनीच्या बाईंनी मुद्दाम बोलावलं. डोक्याला टोपी, पायांत मोजे घालून त्यांना सगळीकडे फिरवलं. घरी आल्यावर मी विचारलं, “कसा वाटला?”

“स्वच्छ आहे,” ते म्हणाले. “फार स्वच्छ आहे. एकाच्याही कपाळावर घाम नाही. हे काय काम?”

तरी रोज संध्याकाळी ते दारासमोरच्या पायरीवर जाऊन बसायला लागले. पाळी सुटली की आमच्या रस्त्याने सायकली आणि स्कूटर जातात. एकही चेहरा त्यांच्या ओळखीचा नसतो. एक दिवस मी ऑफिसातून परत येत होते तेव्हा पाहिलं, एका पोरीच्या सायकलची साखळी आमच्या दारासमोरच उतरली होती. बाबांनी ती बसवून दिली होती आणि हात पुसत तिच्याशी बोलत होते. ती हसली, काहीतरी म्हणाली, आणि गेली.

जेवताना ते आईला म्हणाले, “पॅकिंगमध्ये आहे ती. तिची आई खालच्या वस्तीत राहते. मोठ्या शहरात नोकरी मिळत होती, ती घेतली नाही म्हणे. इथेच राहायचंय तिला.”

“बरं झालं,” आई म्हणाली.

“उद्या तेल देतो म्हटलं साखळीला. गंजलीय.”

“द्या की,” आई म्हणाली, आणि त्यांच्या ताटात न विचारता आणखी थोडं वाढलं.